सुजाता लंडनला चालली

हुमनाबाद, १९ जून १९८६

आज सुजाता विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र दाखवायला घरी आली. निर्णा गावची ही पोरगी तीन वर्षं माझ्या हाताखाली वकिली शिकली. आता आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात एलएल.एम. करायला लंडनला निघाली आहे. पत्र मी दोनदा वाचलं. कागद केवढा जाड होता.

"अक्का, करार कायदा तुमीच शिकिवलात मला. मग तुमी कामून अर्ज केला न्हाई?"

"आईला एकटी टाकून कुठं जाऊ?" असं म्हणून मी हसलेसुद्धा.

साफ खोटं. गेल्या साली त्याच विद्यापीठात मीही अर्ज केला होता. नकार आला, तोही तसल्याच जाड कागदावर. कुणाला सांगितलं नाही. तिला घेतलं आणि मला कामून न्हाई? माझ्याच टिपणांवर शिकली ना ती? जळायलेय मी, दुसरं काय.

आईनं आतून सगळं ऐकलं होतं. जेवताना हातातली भाकरी ताटात ठेवून म्हणाली, "माझ्यापायी थांबलीस व्हय गं? मला कळलंच न्हाई."

तिचे डोळे भरले होते. न्हाई म्हणायला एक शब्द पुरला असता. मी मान खाली घालून जेवत राहिले.