सवतीच्या तीन पिना

२८ सप्टेंबर, शनिवार

सवतीचे कपडे आले शिवायला! आजवर तेवढंच राहिलं होतं.

सवत म्हणजे विमान. जुनं जेट, दोन माणसांचं, नाक वर करून बसलेलं. शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर एका शेडमध्ये ठेवलंय आणि पाच-सहा म्हातारे दर शनिवारी जाऊन तिचं तेलपाणी करतात. त्यातले एक आमचे हे. नोकरीत याच जातीच्या विमानांखाली आडवं पडून आयुष्य गेलं, निवृत्त झाले तरी सुटका नाही. त्यांची नव्हे, माझी.

आज तीन पिना घेऊन आले. विमान जमिनीवर असताना चाकं चुकून दुमडू नयेत म्हणून प्रत्येक चाकाच्या दांड्यात एकेक पिन घालून ठेवतात. करंगळीएवढी जाड, आणि तिला हातभर लाल फीत, लांबून दिसावी म्हणून. फिती विटून पार विटकरी झाल्यात. "नव्या शिवून दे," म्हणाले. "पुढच्या रविवारी उडवायचीय तिला. लोक येणार आहेत बघायला." तोवर शेडमध्ये गंजक्या जुन्या पिनांवर भागवणार म्हणे.

गिऱ्हाइकाचे पडदे बाजूला ठेवले. काय करता!

३० सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा. शेडची किल्ली आपल्या दाराला लावत उभे. मी आतून खुडबुड ऐकतेय. दार उघडलं तर म्हणाले, "कुलूप बदललंस का?" मी म्हटलं, "हो, तुमच्यासाठी बदललं." हसले. मीही हसले. शेडची किल्ली त्यांच्या हातून घेऊन वेगळ्या खुंटीला टांगली.

जावयाचं नाव हल्ली घेत नाहीत. 'तो उंच मुलगा' म्हणतात. माझी कापडाची कात्री परवा भाज्यांच्या टोपलीत निघाली.

कुणाला बोलले नाही अजून. लेकीलाही नाही, ती लगेच सामान बांधून येईल. आणि कप्तानला तर नाहीच. कप्तान म्हणजे त्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या, पूर्वीचा वैमानिक. विमान तोच उडवतो. त्याला सांगितलं की यांचा शनिवार गेला. शनिवार गेला की हे गेले, मग उरलं काय? आणि नाही सांगितलं तर त्या विमानात बसणार कोण? तोच. उडण्याआधीची शेवटची तपासणी यांच्या हातची, आणि त्या हातांवर कप्तानचा जीव.

बघू. बघू म्हणत महिना गेला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

फिती झाल्या. दुहेरी शिलाई, टोकाला कच्चे धागे नाहीत. इस्त्री करून एकावर एक ठेवल्या. यांनी बघितल्या आणि नाक मुरडलं. "अशा सपाट नाही ठेवायच्या." मग शिकवायला बसले. फीत पिनेभोवती दोनदा गुंडाळायची आणि टोक आत खोचायचं. "आमच्यात असंच गुंडाळतात."

मी म्हटलं, "आमच्यात इस्त्रीची घडी मोडणाऱ्याला जेवायला देत नाहीत." तर सपाटच ठेवल्या मुकाट्यानं.

मग पिना दाखवायची रीत सांगितली, हजारदा सांगितलेली. इंजिन सुरू करायच्या आधी हे पिना काढतात, विमानासमोर जाऊन उभे राहतात, पिना एका हातात उंच धरतात, फिती खाली लोंबत्या. आत बसलेला कप्तान बोटानं मोजतो. तीन भरल्या तरच अंगठा वर. नाही भरल्या तर इंजिन नाही, मग समोर राजा का उभा असेना! आणि शेडमधली एखादी वस्तू हरवली, अगदी स्क्रू, तरी ती सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. आतच कुठं पडली असली तर? पिना म्हणजे यांचं खातं. त्यात दुसरं कुणी लुडबुडत नाही.

हे सगळं घडाघडा सांगितलं, एक शब्द अडला नाही. दुपारी मात्र "मी चहा घेतला का?" म्हणून दोनदा विचारलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

हे पिना घेऊन शेडवर गेले. संध्याकाळी आल्यावर म्हणाले, "उद्या तू पण चल."

मी! इतक्या वर्षांत कधी बोलावलं नाही, मीही कधी गेले नाही. "सवतीला बघायला मी कशाला येऊ?" म्हटलं. चिडवलं की ते उलट चिडवतात नेहमी. आज नाही चिडवलं. "चल की," एवढंच.

६ ऑक्टोबर, रविवार

पाऊस. सकाळपासून नुसता पाऊस. जोराचा नव्हे, बारीक, चिवट, छत्रीच्या खालून शिरणारा. मला वाटलं, बेत बारगळला. हे खिडकीतून बघून म्हणाले, "ढग उंच आहेत, उडतील." दोन बस बदलून गेलो. हे शेडकडे गेले, मी प्रेक्षकांत.

एवढी माणसं येतात? मैदानाच्या कडेला दोर बांधलेला, दोराच्या अलीकडे घडीच्या खुर्च्या, रबरी बूट, गुडघ्याएवढी पोरं चिखलात. कॅमेऱ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या. माणसं भिजलेली, कॅमेरे कोरडे! माझ्या शेजारी एक बाई कुडकुडत बसली होती. दुर्बीण नवऱ्याच्या गळ्यात, त्याचा डबा, थर्मास, टोपी हिच्या मांडीवर.

"तुमचे पण?" तिनं विचारलं.

"आमचे पण," म्हटलं. झाली ओळख. माझी उकडलेली अंडी, तिचा चहा.

आधी दोन पाहुणी जेटं आली. आली म्हणजे काय, लाउडस्पीकरवाला "डावीकडे बघा, डावीकडे" म्हणेपर्यंत डोक्यावरून काहीतरी चंदेरी सपकन गेलं, आणि मग मागून आवाज! छातीत घुसला. माझं अंडं चिखलात. त्या बाईचा नवरा दुर्बीण लावून ढगाकडेच बघतोय अजून. ती म्हणाली, "गेलं हो ते. उजवीकडे गेलं." पुन्हा आली, पुन्हा गेली. पाठीमागं पाण्याची वाफ सोडत गेली. पोरं ओरडत होती. मी ओरडले नाही, पण खुर्चीवरून उठले होते. का उठले कुणास ठाऊक.

मग आमची आली. म्हाताऱ्यांनी ढकलत आणली शेडमधून. खरं लिहायला हरकत नाही, देखणी आहे. पंखांवरून पाण्याच्या धारा, पोट चकचकीत. आणि तिच्या बाजूनं हे, नारिंगी रेनकोटात, ताठ! घरात वाकून चालतात हो. इथं पाठीला कणा आला होता. एकेका चाकाशी वाकले, उठले, पुढं येऊन उभे राहिले. हात वर केला.

लाल फिती. माझ्या हातच्या. त्या करड्या दिवसात त्याच तेवढ्या लाल. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोजल्या.

दोन.

काचेआडून कप्तानचं बोट हललं. एक, दोन. थांबलं. पुन्हा एक, दोन. हे तसेच उभे, हात वर. मग कप्ताननं काच उघडली. बाकीचे धावले, तिसऱ्या चाकापाशी वाकून बघितलं. तिथंही पिन नाही. कप्तान खाली उतरून यांच्याजवळ गेला. काहीतरी विचारलं. यांनी मान हलवली. ना खिसे चाचपले, ना जमिनीवर शोधलं. पाऊस तोंडावर घेत उभे राहिले. मला बघवेना.

लाउडस्पीकरवाला "किरकोळ तांत्रिक अडचण" म्हणाला आणि विमानाचा इतिहास सांगायला लागला. मागे कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं पिन हरवली म्हणे. घरी बसवा की अशांना." वळून चार शब्द ऐकवावेत असं फार वाटलं. नाही ऐकवले. काय ऐकवणार? महिनाभर मी तरी वेगळं काय म्हणत होते मनात?

सवतीला परत शेडमध्ये ढकललं. लोकांनी खुर्च्या मिटल्या. त्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये यांनी माझा हात धरला. चारचौघांत! मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, गाढ. मी खिडकीतून बघत बसले. संध्याकाळी कप्तानचा फोन. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. आता तो काही तरुण नाही. पिनांचं काम दुसऱ्याकडे देतो. त्यानं यावं, बसावं, चहा प्यावा." पिन आत कुठं पडली असेल म्हणून उद्यापासून सगळं विमान उघडणार आहेत.

हो म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते. माझ्यावाचून झालं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

पिन माझ्याकडे आहे!

गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण हवं होतं. बटणांचा डबा पालथा केला तर खाली तळाशी ती. फीत गुंडाळून, टोक खोचून. मशीनशेजारीच असतो डबा. म्हणजे मी दिल्याच दोन? तीन दिल्या असं वाटतंय. पण शपथेवर सांगता येणार नाही. काल यांना नावं ठेवली लोकांनी, आणि वेंधळी मी! घरात विसरभोळे एक होते, आता दोन झालो.

हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पिन पदराखाली झाकून उभी राहिले, चोरासारखी.

आता काय करू? कप्तानला सांगितलं तर यांच्यावरचा बट्टा पुसला जाईल. मानानं परत नेतील, काम परत देतील. आणि पुढच्या वेळी खरंच चूक झाली तर? नाही सांगितलं तर ते म्हातारे त्या गार शेडमध्ये पाठीवर पडून एकेक पत्रा उघडतील, जे माझ्या बटणांत पडलंय त्यासाठी.

आपोआप मिटलं होतं. मिटलेलं उकरायचं, यांचं नाव राखायचं, आणि कप्तानचा जीव परत धोक्यात घालायचा. डबा बंद केला. कोटाला बटण लावलं. भलत्याच रंगाचं लागलं, उसवलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

हे केस कापायला गेले तेव्हा फोन केला. म्हटलं, पिन माझ्याकडे राहिली, चूक माझी, ह्यांची नव्हे. अर्धं विमान उघडून झालं होतं. ओरडेल वाटलं. तर कप्तान एवढ्यानं हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, म्हणजे आमचा गडी बरोबरच होता! दोनच आल्या, दोनच दाखवल्या! आणि मी मूर्खासारखा... वहिनी, शनिवारी पाठवा त्याला. काम त्याचंच. मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

आता सांगायचं होतं. किल्लीचं, जावयाच्या नावाचं. तोंड उघडलंही. "चहाला या एकदा," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला. भित्री कुठली!

यांना अजून सांगितलं नाही. उद्या.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सांगितलं. पिन पुढ्यात ठेवली. म्हटलं, माझ्यापाशी राहिली होती, कप्तानला कळवलंय, शनिवारी काम तुमचंच.

आनंद होईल वाटलं होतं. कप खाली ठेवला. "अगं, काय केलंस हे! ती मीच ठेवली होती डब्यात."

 मी पिनेकडे बघितलं. दोनदा गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. मी तर सपाट ठेवल्या होत्या.

म्हणाले, मागच्या महिन्यात इंजिनाच्या हवेच्या तोंडात फडकं विसरलो. निघायच्या आधी माझं मलाच दिसलं, म्हणून कप्तान वाचला. काम काढून घ्या, हे तोंडानं सांगता येईना. दोनच पिना दिसल्या की तो निघणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं. त्यात कुणाला इजा नव्हती.

"मग मला कशाला नेलंत?"

"एकट्यानं परत यायचं नव्हतं."

मी फीत सोडवून हातानं सपाट केली. मग यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "कप्तानचा नंबर लावून दे. मी सांगतो, सगळं सांगतो. नंबर तेवढा आठवत नाहीये."