चोवीस तास सेवा चालू

प्रिय माया,

…अन् इथलं नेट बंद, म्हनूनच हे कागदावर लिहून राहिली, एसटीच्या कंडक्टरजवळ देईन. हस आता! सॅटेलाइट इंटरनेटची इंजिनीअर अन् हाती पेन! सेमाडोहच्याही पुढं, जंगलात आहे हे गाव. तीन दिवस ऊन नाई, सोलरची बॅटरी बसली, आरोग्य उपकेंद्राच्या छतावरची आपल्या कंपनीची डिश नुसती पानी झेलून राहिली. मराठीच्या चुका काढू नको, आपन दोघी कॉन्व्हेंटच्या.

पन डिशची बाजू मी सोडनार नाई. मागच्या महिन्यात गावातल्या पार्बताबाईच्या सुनेचं बाळ जन्मलं ते निळंच. अमरावतीच्या डॉक्टरीनबाईनं स्क्रीनवर पाहून सिस्टरले एकेक गोष्ट सांगतली. बाळ रडलं, तवा पार्बताबाई त्या स्क्रीनचेच पाय शोधत होती! इथं कोनी टॉवर बांधत नाई, वाघाच्या जंगलातून तार ओढू देत नाई. आभाळ तेवढं मोकळं आहे. ते काहून सोडायचं?

मंग परवा, भर पावसात, गावातल्या देवमनले साप चावला. मी अमरावतीले कॉल लावला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, अन् बॅटरीच गेली. तशातही देवमन म्हने, पोरी, तुह्या आभाळातला डॉक्टर झोपला काय? उपकेंद्राची जुनी जीप दारात होती म्हनून तो परतवाड्याच्या दवाखान्यात पोचला. वाचला.

काल आपले साहेब कागद घेऊन आले. चोवीस तास सेवा चालू, खाली इंजिनीअरच्या सहीची जागा. त्या सहीवर आरोग्य खातं जीप दुसरीकडं नेनार. डॉक्टर डिशमधून येतोच, मंग गाडी कायले, म्हने. मी म्हटलं, डिश ठेवा, बॅटरी दुप्पट द्या, पन जीप हलवू नका. तर म्हने, मॅडम, तुमच्या अब्बूचं सोयाबीन यंदाही पिवळं पडलं ना? नोकरी पायजे ना? मी पेनाले टोपन लावलं अन् परत देल्लं. नोकरी पायजे. सही नाई देत.

जाता जाता ते म्हने, तुम्ही नाई तर अकोला ऑफिसच्या माया मॅडम देतील, सोमवारी बोलावतो त्याईले. म्हनून हे पत्र, तू निघायच्या आधी तुह्या हाती पडावं. तुह्या घरची तंगीही मले माहीत आहे, म्हनून सही करू नको असं मी म्हनत नाई. फक्त आल्यावर आधी देवमनच्या घरी चहा घे. अन् मंग सांग माया, तू सही करशील काय?

तुहीच,
गुलनार