खिडकीची जागा

९ जानेवारी

चि. ढमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सहलींच्या कचेरीत सध्या झुंबड असेल. थंडी पडली की माणसं पांघरुणात पाय खुपसून उन्हाळ्याचे बेत करतात, त्यात तुझा दादा अट्टल. तो गेल्यापासून मी प्रवास करते तो वाचनालयाच्या पुस्तकांतून. बॅग भरावी लागत नाही. पण कालच्या पुस्तकातलं तळं डोक्यातून जाईना. तुमची बस मे महिन्यात तळ्यावर जाते ना? नेहमीसारख्या दोन जागा धरून ठेव. उगाच टाळ्या पिटू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी वहिनी

१६ जानेवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

टाळ्या पिटल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. वहिनी, जानेवारीत लोकांना डोंगर, तळं, समुद्र सगळं एकदम हवं असतं. मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा आठवतात, एप्रिलमध्ये सासरे आजारी पडतात आणि मेमध्ये तीच मंडळी विचारायला येतात, जवळपास एखादी बागबिग आहे का. एका गृहस्थांचे सासरे दर एप्रिलला न चुकता अंथरूण धरतात. तू तसं करू नकोस.

दोन्ही जागा धरल्या. ऐन हंगामात रजा मागितली म्हणून साहेबांचा चहा सांडला. इतकी वर्षं लोकांना तळ्यावर धाडते, पण मी ते पाहिलंय भिंतीवरच्या चित्रात. मला नेतेस, म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत नाचतेय.

तुझ्या लोभाची हावरी,
ढमी

२४ जानेवारी

चि. ढमीस अ. उ. आ.

रागावू नकोस. ती दुसरी जागा तुझ्यासाठी नव्हती गं. सवयीने लिहून गेले. चहाही अजून कधी कधी दोघांचा टाकते. तुझं पत्र वाचून कळलं, कोणासाठी जागा मागितली ते. मग जावंसं वाटेना. दोन्ही रद्द कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
वहिनी

२ फेब्रुवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. दादासाठी थोडी रडले, मग कामाला लागले. जागा रद्द करायला कारण द्यावं लागतं, आणि आजारी पाडायला तुझे सासरे, म्हणजे माझे बाबा, आता आहेत कुठे? साहेब म्हणाले, सवय हे कारण चालत नाही. जागा दादाचीच राहू दे. मी नुसती तिच्यावर बसेन. हवं तर त्याच्यासारखी घोरेन.

उत्तराची वाट पाहून मान दुखतेय.
ढमी

११ एप्रिल

चि. ढमीस अ. उ. आ.

एप्रिल आला. घरात सगळं ठणठणीत. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. शेजारीण रोज विचारते, आज निघालात का.

घोरायचं तर खुशाल घोर, पण खिडकी माझी. तुझा दादा जन्मभर खिडकी धरून बसायचा आणि बस सुटली की झोपायचा. मी आजवरचे सगळे डोंगर त्याच्या टकलावरून पाहिले. यंदा मधे काहीच नसेल. डोळ्यांना थोडं जड जाईल. तेव्हा माझ्याशी बोलत राहा, काहीही बोल.

भेटीत लोभ वाढवूच.
तुझी वहिनी