किशोरचा डोळा

४ डिसें., धरणगाव
ताईचे फोटो गावभर फिरतायत. कोणाला दाखवायचे नसतात तसले. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या एकाने मलाच मोबाइल दाखवला, वर हसला. तिथेच हाणला त्याला.
फोटो ताईच्या मेलमध्ये होते फक्त. आणि मेल उघडला कुठे? किशोरच्या ऑनलाइन सेंटरवर, भरतीचा फॉर्म भरताना. ताई म्हणते, किशोर तसा नाही. मग काय भूत आलं होतं?

५ डिसें.
फोडला. पान्याने. "भाऊ, आईशपथ मी नाही" म्हणत होता, मी मारतच होतो. डावा डोळा. शेवटी लोकांनी ओढलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
आई जेवली नाही. "त्याले बी माय शे ना रे."

६ डिसें.
किशोरला धुळ्याला हलवलं. बेशुद्ध. बघणारे झाडून बठ्ठे आमच्या गल्लीतले. पोलिसांना म्हणाले, कोण होतं दिसलं नाही.

८ डिसें., जळगाव
किशोरच्या भावाने सेंटरचा कॉम्प्युटर योग्याच्या दुकानात टाकलाय. योग्या माझा मावसभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पुरावा मिळेल म्हणून गेलो.
योग्या म्हणे ब्राउझर जुनाट. अपडेट केलं की आधारसाठी अंगठा घ्यायचं मशीन बंद पडतं, म्हणून किशोरने अपडेटच बंद ठेवलेलं. सगळे सेंटरवाले तेच करतात. त्या ब्राउझरच्या मेमरीत चूक. रिकामी केलेली जागा तो परत वापरायला जातो, तोवर तिथं बाहेरच्याने आपलं काहीतरी घुसवलेलं असतं. नुसतं त्याचं एक पान उघडायचा अवकाश, कॉम्प्युटर त्याचा, तिथे उघडलेले मेलही त्याचे.
"मग तो कोण? नाव सांग."
"बसला असेल जगात कुठेतरी. फोटो नेटवर टाकून मोकळा, तिथून गावात आले. तुला नाही सापडणार."
किशोरच्या बायकोचेही फोटो गेलेत.
योग्याच्या काउंटरला लाथ घातली. काच पायात. आता कोणाला मारू

१० डिसें., धरणगाव
किशोर शुद्धीवर आलाय. डोळा गेला. माझं नाव घेतलं नाही त्याने. भ्यायला असणार.
योग्याने सांगितलेलं सगळं ताईला सांगितलं. कानाखाली वाजवली तिने. "माझ्या नावाने मारलंस ना? मग जबाब मीच देणार."

११ डिसें.
ताई तयार होऊन बसलीय. "पोलीस स्टेशनला सोडतोस, का रिक्षा करू?" आई भिंतीकडे बघतेय. बाहेरून कडी लावून टाकावी असं फार वाटतंय. गाडीची किल्ली हातात आहे. ती चपला घालतेय.