लेकीच्या पिकअपचं लॉक

९ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. पिकअपचं लॉक मी स्वतः दुरुस्त करणार.

लेकीला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नोकरी लागली. बावीस तारखेला, रविवारी, ती आमची जुनी पिकअप घेऊन जाणार. गाव लांब, रस्ते सुनसान. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली की हिने एकटीने निघायचं. आणि या गाडीत बटण दाबलं की ड्रायव्हरचं दार लॉक होतं, बाजूच्या सीटचं होत नाही. नुसतं कुरकुरतं. आतली खुंटी दाबली तर परत वर येते. म्हणजे गाडी थांबली की कुणीही दार उघडून शेजारी येऊन बसावं. असल्या दारासकट मी पोरीला पाठवणार नाही. बाप आहे मी.

लेक म्हणाली, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं, त्याला अर्धा तास लागत असेल तर मला वीस मिनिटं पुरे. उभी हयात रंगाच्या दुकानात गेली, दारं काय कमी पाहिली?

बायकोने फक्त मिक्सरकडे पाहिलं. मिक्सरचा विषय वेगळा. तो मुळात बिघडलेलाच होता.

१० नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. बिघाड सापडला. त्या वस्तूला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं. दाराच्या पोटात बसलेली एवढीशी मोटर. ती सळई ढकलते, सळई लॉक ढकलते. संपलं. यासाठी लोक गॅरेजवाल्याचे पाय धरतात!

व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत काम करतो. मलाही शिट्टी येते.

नवीन मोटर ऑनलाइन मागवली.

१४ नोव्हेंबर, शनिवार
मोटर आली. कंपनीने चुकीच्या बाजूची पाठवली. फोनवर खडसावलं. म्हटलं, ग्राहक म्हणजे काय वाटलं तुम्हाला? समोरची मुलगी गोड बोलली. म्हणाली, सर, गाडीची डावी-उजवी बाजू गाडीत बसून धरतात. मी गाडीसमोर उभा राहून धरली होती. पण माणूस गाडीकडे समोरूनच बघतो ना! हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रात्री पुन्हा पाहिलं. खोक्यावर लिहिलेलं होतं. चित्रासकट. पण अक्षर फार मोठं असलं की नजरेतून सुटतंच.

दुसरी मागवली. लेक पुन्हा गॅरेजचं नाव काढत होती. मी विषय बदलला.

१६ नोव्हेंबर, सोमवार
वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. मोटर येईपर्यंत दार खोलून ठेवायचं ठरवलं. आतलं पॅनल क्लिपांवर बसलेलं असतं. हळूच ओढलं की क्लिपा सुटतात. माझ्या तुटल्या. जुन्या होत्या, आज ना उद्या तुटणारच होत्या. उद्यावर कशाला टाका?

एक स्क्रू दाराच्या आत पडला. तो काढायला फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून सोडलं. दोरा वर आला.

आता दार आपटलं की आत खुळखुळा वाजतो. लेक हसली. म्हणाली, बाबा, चोर आला तर निदान कळेल तरी. मला हा विनोद आवडला नाही. विषय तिच्या जिवाचा आहे.

१८ नोव्हेंबर
मोटर नाही. दारही नाही, म्हणजे आहे, पण पोट उघडं टाकून आहे. बायकोने आज तोंड उघडलं. म्हणाली, अहो, तुमचं दार झालं नाही म्हणून ती थांबणार नाहीये. रविवारी जाणार म्हणजे जाणार.

याचा अर्थ काय? मी मुद्दाम उशीर करतोय? मी? ज्याला मी वेळेवर माल दिला नाही असं एक गिऱ्हाईक दाखवा! (दोन आहेत. पण एक वारला.) मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी अबोला धरला. तिला ते कळलं नसावं, कारण ती आरामात पुस्तक वाचत होती.

लेकीने आज खोली आवरली. कपाट रिकामं. मी तिकडे गेलोच नाही. मला क्लिपा शोधायच्या होत्या.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
मोटर आली. बरोबर बाजूची! उद्या पहाटे पाचला उठून, थंड डोक्याने, चहाच्या आत काम फत्ते.

२१ नोव्हेंबर, शनिवार
साडेनऊला उठलो. डोकं थंड हवं तर झोप पुरी झाली पाहिजे.

दुपारी चारला मोटर बसली! पॅनल दोन नव्या क्लिपा आणि बाकी चिकटपट्टीवर. चुंबक सापडलं, स्क्रू नाही. लेकीला आणि बायकोला बाहेर बोलावलं. गाडीत वाकून बटण दाबलं. टक! दोन्ही दारांतून टक! असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. त्या आनंदात दार धाडकन लावलं.

किल्ली आत. दुसरी किल्ली गाडीतल्याच समोरच्या खणात. ती मीच तिथे ठेवली होती, हरवू नये म्हणून.

बायको आतून वरवंटा घेऊन आली. मी काचेसमोर आडवा झालो. तेवढ्यात लेक शांतपणे पलीकडे गेली आणि बाजूच्या सीटचं हँडल ओढलं. दार उघडलं.

मी म्हटलं, नीट लागलं नसेल. ती म्हणाली, तसंच असेल. मग म्हणाली, छान झालं बाबा, थँक्यू. माझा ऊर भरून आला. बायको वरवंटा घेऊन आत गेली.

२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ८
गेली. सामान चढवलं, दोरी बांधली. मी अजिबात रडलो नाही. बायको रडली. मी तिला समजावलं की दार पक्कं आहे, काळजीचं कारण नाही.

आता दूध आणायला जातो. दुकानदाराला दाराची हकिगत सांगायची आहे.

त्याच दिवशी, सकाळी १०
दुकानापर्यंत पोहोचलो नाही. कोपऱ्यावर, गॅरेजसमोर, आमची पिकअप उभी. बाजूचं दार उघडं, पॅनल जमिनीवर, माझी चिकटपट्टी त्याला लोंबत. लेक टायरवर बसून चहा पीत होती.

मला बघून ती उठली. म्हणाली, हवा भरायला थांबले होते. मग पॅनलकडे बघून तिलाच हसू फुटलं. सॉरी बाबा, म्हणाली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून घरी बोलले नाही.

गॅरेजवाल्याने मान वर न करता सांगितलं, काका, मोटर बरोबर बसवलीय, फक्त सळई तिच्यात अडकवायची राहिली. मोटर टक करते, लॉक जागचं हलत नाही. मी म्हटलं, ते मी शेवटी करणार होतो. तो म्हणाला, टॉर्च धरा. मी धरला.

काम झालं. लेक आत बसली, बटण दाबलं. टक. मी बाहेरून हँडल ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. नाही उघडलं. ती आतून अंगठा दाखवत होती. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मी लॉक तपासत नव्हतो.

तिने काच खाली केली आणि हळूच म्हणाली, बाबा, हँडल सोडा.

मग मात्र मी रडलो. गॅरेजवाल्यादेखत, टॉर्च चालू ठेवून. मला तिने जायला नको होतं. पहिल्या दिवसापासून नको होतं. तिने काचेतून हात बाहेर काढून माझे डोळे पुसले. तिच्या हाताला ग्रीस होतं.

पिकअप वळणापलीकडे गेली. खुळखुळा वाजत होता. तो स्क्रू अजून आतच आहे.

घरी आलो. बायकोने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. ग्रीस कुठून आलं ते विचारलं नाही. टॉवेल दिला आणि म्हणाली, दूध?