आईंचा पासपोर्टचा फोटो

गुरुवार, २१ जानेवारी २०१०

चार महिने ही वही उघडली नाही, चुकलंच. आज उघडली ती स्वतःची लाज वाटते म्हणून.

दीड वर्षाच्या ईराला घेऊन थायलंडला जायचंय. परवडेल आणि पाणी उथळ असेल असा किनारा हवा, म्हणून संध्याकाळी मी, हे आणि ह्यांच्या आई हडपसरच्या एजंटकडे गेलो. त्याआधी आईंचा पासपोर्टचा फोटो काढला. त्यासाठी त्या मुद्दाम जांभळी रेशमी साडी नेसल्या होत्या.

एजंटने विचारलं, "आजी पण येणार? कंटाळतील हो तिथे."

मी पटकन म्हणाले, "ईराला सांभाळायला कुणीतरी हवंच ना!"

रिक्षात आई म्हणाल्या, "मला सामानात धरलंयस की माणसांत? सामानात असेन तर वजन सांगून ठेवते."

हे हसले. मीही हसले. मग ती साडी दिसली. फोटोत जेमतेम खांदा येणार, तरी पार निऱ्यांपर्यंत इस्त्री केलेली.

मी खरंच त्यांना दुसऱ्या कशासाठी नेत होते का? पाणी किती खोल, हे दहादा विचारलं. त्यांना पाण्यात उतरायचंय का, हे एकदाही नाही.

उद्या: आईंना घेऊन पुन्हा एजंटकडे जायचं. किनारा त्या निवडतील.