तळाचे आठ स्क्रू

३ तारीख
देवाच्या कृपेने घर लागलं एकदाचं. ह्यांना क्लबच्या पोहण्याच्या तलावाची देखभाल मिळाली आणि तलावामागच्या दोन खोल्या राहायला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा तलाव दिसतो. सध्या कोरडा आहे, नुसती निळी फरशी. देवांना पूर्वेची फळी दिली. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची, म्हणून ही रोजनिशी. पंधराला पाणी भरायचं, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलंय. त्याआधी शिडी, दिवे, तळाचं निचऱ्याचं झाकण, सगळ्याचे गंजके स्क्रू काढून नवे बसवायचे. आधीचा माणूस न सांगताच निघून गेला म्हणे.
ह्यांची खोडही बरोबर आली. चहा हवा असला की तोंडाने मागणार नाहीत, दारावर तीनदा टकटक.

५ तारीख
स्क्रू असे धरून बसलेत की हलायचं नाव नाही. ह्यांचा खांदा दुखरा, म्हणून मीच पदर खोचून तळात उतरले. रॉकेल सोडून मुरू द्यायचं, माथ्यावर हातोडीने हलकेच ठोकायचं, मग आधी केसभर आवळायचा आणि मगच सैल करायचा. घट्ट बसलेली बरणी मी अशीच उघडते. खाच झिजली असेल तर मध्ये रबराचा तुकडा धरायचा. दिव्यांचे चोवीसच्या चोवीस निघाले. मॅट्रिक बाईने इंजिनियरांच्या पोटावर पाय आणला, असं हे म्हणाले. हसले मी, पण बरं वाटलं.

८ तारीख
आज तळाचं झाकण. आठ स्क्रू. ते नुसते गंजलेले नाहीत, कोणीतरी कानशीने माथे घासून खाचाच घालवल्यात. कामचुकारपणा, दुसरं काय, असं ह्यांचं मत. पण एवढं घासायला काढण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. करवतीच्या पात्याने नव्या खाचा पाडल्या, रॉकेल सोडून ठेवलं.

९ तारीख
निघाले आठही. आत नुसता पाइप, हात जेमतेम जाईल एवढा. तोंडाशी लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर पडलेला. चांगली वस्तू टाकायची कशाला, धुऊन ह्यांना दिला. हातात छान बसतो म्हणाले.

११ तारीख
दुपारी आधीच्या माणसाची बायको फाटकाशी आली. तळाच्या झाकणाला हात लावलात का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटल्यावर ती सांगू लागली. तिचा नवरा एक सैल स्क्रू आवळायला उतरला आणि परत आलाच नाही. झाकण बंद होतं, आणि आतून त्याचं ठोकणं. उघडलं की आत कोणी नाही. बंद केलं की पुन्हा ठोकणं. सात वेळा उघडलं तिने. मग पुन्हा उघडताच येऊ नये म्हणून कानस घेतली.
स्क्रूड्रायव्हर दाखवला तर त्याच्याकडे बघेना. आजच बंद करा ताई, म्हणाली, आणि तुमच्या यजमानांना एकट्याला उतरू देऊ नका.

१२ तारीख
कालच नवे पितळी स्क्रू लावून बंद केलं. हे माझी थट्टा करत होते. सकाळी ह्यांना एक स्क्रू वर आलेला दिसला म्हणे. मी देवापुढे होते. दिवा लावून उठेपर्यंत हे उतरलेसुद्धा.
काठावर चपला आहेत. झाकण बंद. आठही स्क्रू तांबूस गंजलेले. पितळेला असा गंज कधी चढतो का?
खालून टकटक. तीनदा.

१३ तारीख
उघडलं. पाइप. तोच लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. हे नाहीत.
बंद केलं. टकटक.
पाच वेळा. हात सोलवटले. नामस्मरण चालू आहे, पण मध्येच विसरते.

१४ तारीख
मॅनेजरसाहेब म्हणतात, आधीचाही असाच पळाला. आतलं ठोकणं त्यांना ऐकूच येत नाही. उद्या नऊला पाणी सोडणार. पाया पडले. ऐकत नाहीत.
पाणी भरलं तर ह्यांचं—
कानस हाताशी आहे. नाही. मला नाही जमायचं.

१५ तारीख
उघडं असलं की हे नसतात. बंद असलं की असतात. म्हणजे बंद होताना मी आत असले पाहिजे. साधी गोष्ट, सुचली कशी नाही.
काल हात जेमतेम जात होता. आज खांदे जातील एवढं तोंड झालंय. देवांना सांगून आले. बॅटरी, वही, पेन्सिल—

उतरले. झाकण आपोआप सरकलं. वर कोणी नव्हतं, तरी स्क्रू फिरताहेत. पाच. सहा—
हे इथे नाहीत.
इथे कोणीच नाही.

टकटक. वरून. तीनदा. हे बाहेर आहेत, उघडताहेत, खाचा नाहीत म्हणतात, रॉकेल कुठे ठेवलंस विचारताहेत—
ओट्याखाली, अहो, ओट्याखालच्या—

पाणी सोडल्याचा आवा—